मेल उडाला? आधी काही करू नका

मेल उडाल्याचं ध्यानात आलं की माणूस घाबरून जे पहिलं काही करतो, त्यानंच पुष्कळदा तो मेल कायमचा जातो. कुणी अकाउंट काढून पुन्हा जोडतो. कुणी सफाईचं सॉफ्टवेअर चालवतो. कुणी गूगलवर पहिलं दिसेल ते फुकट रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून त्याच सी ड्राइव्हवर टाकतो. ऑफिसात असेल तर कॉम्प्युटर बघणारा मुलगा येतो आणि ‘फॉरमॅट मारून देऊ का?’ असं विचारतो. यातलं काहीही करू नका.

डिलीटचं बटण दाबलं म्हणजे मजकूर लगेच पुसला जातो, हा समज खरा नाही. प्रोग्रॅम आधी मेलवर एक खूण करतो. मग तो ट्रॅशसारख्या फोल्डरात ढकलतो. ठरावीक दिवसांनी त्याला यादीतून काढतो आणि अगदी शेवटी, कधीतरी, त्याची जागा दुसऱ्या मजकुराला देतो. हजेरीपटावर नावापुढे काट मारली तरी पोरगं अजून बाकावर बसलेलंच असतं, तशातला प्रकार. शेवटचा टप्पा सोडला तर प्रत्येक टप्प्यावरून मागे फिरता येतं. फक्त प्रत्येक ठिकाणचा दरवाजा वेगळा आणि मुदतही वेगळी. घाईत केलेल्या उद्योगांनी शेवटचा टप्पा लवकर येतो, म्हणून सुरुवातीलाच हात आवरायचा.

एक अपवाद आहे. बटण आत्ताच दाबलं असेल तर कंट्रोल आणि झेड दाबा. आउटलुक आणि थंडरबर्ड या मेलच्या दोन्ही प्रोग्रॅमांत मेल बहुधा जागेवर येतो. जीमेलमध्ये काही सेकंद ‘अनडू’ची पट्टी दिसते, तिच्यावर टिचकी मारा. हे जमलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

खरंच उडालाय का?

जीमेलवाल्यांच्या पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. अँड्रॉइडवरच्या जीमेलमध्ये मेलवरून बोट आडवं फिरवलं की तो डिलीट होत नाही, अर्काइव्ह होतो. तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर. अर्काइव्ह झालेला मेल इनबॉक्समधून दिसेनासा होतो, पण ‘ऑल मेल’मध्ये शाबूत असतो. त्याला मुदत वगैरे काही नाही, वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

दुसरी गंमत शोधाची. जीमेलचा साधा शोध ट्रॅश आणि स्पॅम या दोन फोल्डरांत डोकावतच नाही. म्हणजे हरवलेली वस्तू जिथे असण्याची सगळ्यात जास्त शक्यता, नेमकं तिथेच तो बघत नाही. शोधपट्टीत इंग्रजीत ‘इन’, मग कोलनचं चिन्ह, मग ‘एनीव्हेअर’ असं मध्ये जागा न सोडता लिहा आणि त्यापुढे पाठवणाऱ्याचा पत्ता टाका, म्हणजे सगळे कोपरे धुंडाळले जातात. नावापेक्षा पत्ता बरा, कारण बँका आणि विमा कंपन्या कुठल्या कुठल्या नावांनी मेल पाठवतात ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. ज्यांनी भाषा ब्रिटिश इंग्रजी ठेवली आहे त्यांना ‘ट्रॅश’ऐवजी ‘बिन’ दिसेल. फोल्डर तोच.

आउटलुकमध्ये ‘फोकस्ड’ आणि ‘अदर’ असे दोन कप्पे असतात. महत्त्वाचा मेल ‘अदर’मध्ये पडलेला असतो आणि आपण ‘फोकस्ड’कडे बघत बसतो. कधी वर ‘अनरेड’चा फिल्टर लागून राहिलेला असतो, त्यामुळे वाचलेले सगळे मेल गायब वाटतात. आणि माऊसला चिकटून शेजारच्या फोल्डरात पडलेले मेल किती असतात, विचारू नका. इनबॉक्सपुरता न शोधता सगळ्या फोल्डरांत शोधा.

एवढं करूनही सापडला नाही, तर तांत्रिक खटपटीला लागण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करा. त्याच्या ‘सेंट’मध्ये तो मेल असणारच. ज्यांना सीसी होती त्यांच्याकडेही असेल. तुम्ही त्या मेलला उत्तर दिलं असेल तर तुमच्याच ‘सेंट’मध्ये तुमच्या उत्तराखाली मूळ मजकूर चिकटलेला सापडेल, जोडलेल्या फाइली मात्र उत्तरासोबत जात नाहीत. मागवताना ‘परत फॉरवर्ड कर’ असं न सांगता ‘अटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड कर’ असं सांगा. तसं केल्यानं मूळ तारीख, वेळ आणि पत्ते जसेच्या तसे राहतात. लोकांना हे सुचतच नाही, कारण चूक कबूल करून दुसऱ्याकडे मागायचं म्हणजे कमीपणा वाटतो.

मेल राहत होता कुठे?

यावर पुढचं सगळं अवलंबून आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरून डायल करावं लागायचं आणि तासांच्या हिशोबानं पैसे जायचे. ऑनलाइन राहून निवांत मेल वाचणं परवडण्यासारखं नव्हतं. मेल भराभर खाली उतरवायचे, लाइन कापायची आणि मग सावकाश वाचायचे. या पद्धतीला सोयीचा नियम होता पॉप. त्यात मेल सर्व्हरवरून तुमच्या कॉम्प्युटरवर येतो आणि सहसा सर्व्हरवरची प्रत काढून टाकली जाते. अशा अकाउंटचा मेल उडाला तर तो शोधायची जागा एकच : तुमची हार्ड डिस्क.

दुसरा नियम आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी तो १९८६ मध्ये स्टॅनफर्डला तयार केला, पण त्याचे दिवस आले ते घरोघरी दोन-तीन यंत्रं झाल्यावर. यात मूळ मेल सर्व्हरवर राहतो. फोन, लॅपटॉप, ऑफिसचा पीसी हे सगळे त्याच मेलच्या प्रती दाखवतात. म्हणून फोनवर उडवलेला मेल लॅपटॉपवरूनही उडतो. नातवानं आजोबांच्या फोनवर ‘सिलेक्ट ऑल’ करून डिलीट मारलं की आजोबांच्या कॉम्प्युटरवरचा इनबॉक्सही साफ.

याच गोष्टीचा फायदाही घेता येतो. उडवलेल्याची खबर दुसऱ्या यंत्राला कळते ती ते यंत्र इंटरनेटला जोडलं गेल्यावरच. तुमचा एखादा लॅपटॉप तेव्हापासून बंद असेल, तर त्याच्यावर अजून जुनी प्रत आहे. तो सुरू करण्याआधी नेटची वायर काढा किंवा घरातला वायफाय राउटर बंद करा. मग लॅपटॉप सुरू करून मेलचा प्रोग्रॅम उघडा, हवा तो मेल ‘सेव्ह ॲज’ करून पेन ड्राइव्हवर घ्या आणि मगच नेट जोडा. क्रम उलटा झाला तर दोन मिनिटांत ती प्रतही जाईल.

जीमेलचे तीस दिवस

जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहतो. तोपर्यंत त्याच्यावर टिचकी मारून ‘मूव्ह टू इनबॉक्स’ केलं की काम झालं. ३० दिवसांनी किंवा तुम्ही स्वतः ‘एम्प्टी ट्रॅश’ केल्यावर साध्या, फुकटच्या अकाउंटला तुमच्या हातात काही उरत नाही. कुणी अकाउंटमध्ये घुसून मेल उडवले असतील तर गूगलकडे विनंती करायची सोय आहे, पण परत मिळतीलच याची हमी ते देत नाहीत.

कंपनीचं किंवा कॉलेजचं अकाउंट गूगल वर्कस्पेसवर असेल तर मात्र एक दरवाजा जास्तीचा असतो. मेल ट्रॅशमधूनही गेल्यानंतर २५ दिवसांपर्यंत तुमचा ॲडमिन, म्हणजे तिथली अकाउंटं सांभाळणारा माणूस, तो परत आणू शकतो. त्याला कोणत्या तारखांमधले मेल हवेत ते सांगावं लागतं. ॲडमिनकडे जायला लोक लाजतात आणि ते २५ दिवस निघून जातात.

‘गूगलकडे बॅकअप असतोच ना?’ असं हमखास विचारलं जातं. असतो. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या एका दोषामुळे काही जणांचे जीमेल इनबॉक्स रिकामे झाले होते. गूगलनं आकडा दिला तो एकूण वापरणाऱ्यांपैकी ०.०२ टक्क्यांचा. वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींनाही तो दोष बाधला होता, म्हणून शेवटी चुंबकीय टेपवर ठेवलेल्या प्रतींमधून मेल परत भरावे लागले. जगातली इतकी मोठी कंपनी, आणि कामाला आली टेप. पण ती टेप त्यांच्या चुकीसाठी. तुमच्या हातून उडालेल्या एका मेलसाठी कुणी ती काढून लावणार नाही.

आपोआप उडतात म्हणे

‘मी काही केलंच नाही, मेल आपोआप उडतात’ असं कुणी म्हणालं तर मी त्यावर विश्वास ठेवतो. अशी कारणं खरोखर असतात.

सगळ्यात सापडणारं कारण म्हणजे विसरलेला पीसी. दुकानातल्या किंवा जुन्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कधीकाळी हेच अकाउंट पॉपनं जोडलेलं असतं. तो पीसी सकाळी सुरू झाला की आलेले मेल खाली ओढतो आणि सर्व्हरवरचे काढून टाकतो. घरी बसलेल्या मालकाला इनबॉक्स रिकामा दिसतो. मेल गेलेले नसतात, नुसते दुकानात जाऊन पडलेले असतात. अशा वेळी त्या पीसीवरच्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय सुरू करायचा. शेजारीच ‘अमुक दिवसांनी सर्व्हरवरून काढा’ अशी चौकट असते, तिच्यातली खूणही काढायची. जीमेलच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही पॉपनं मेल उतरवल्यावर आपल्याकडच्या प्रतीचं काय करायचं, हे ठरवता येतं. तिथे ‘डिलीट’ निवडलेलं नाही ना ते पाहा.

दुसरं कारण फिल्टर. ‘या पत्त्यावरून आलेलं सरळ डिलीट’ असा नियम तुम्ही कधी जाहिरातींसाठी केलेला असतो आणि त्यात भलताच पत्ता अडकतो. किंवा तो नियम तुम्ही केलेलाच नसतो. अकाउंटमध्ये घुसलेला चोर बँकेचे सावधगिरीचे मेल तुमच्या नजरेला पडू नयेत म्हणून असे नियम लावून ठेवतो आणि मेल दुसरीकडे वळवतो. म्हणून फिल्टर आणि फॉरवर्डिंग ही दोन्ही पानं तपासा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडल्यावर अगदी तळाला उजवीकडे ‘डिटेल्स’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे कुठून, कशावरून अकाउंट उघडलं गेलं त्याची यादी मिळते. अनोळखी काही दिसलं तर मेल शोधणं राहू द्या, आधी पासवर्ड बदला.

आउटलुकचा तळमजला

ऑफिसातलं आउटलुक मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरला जोडलेलं असेल तर डिलीटेड आयटम्सच्या खाली आणखी एक कप्पा असतो. तो फोल्डरांच्या यादीत दिसत नाही. डिलीटेड आयटम्स रिकामं केलं, किंवा शिफ्ट दाबून डिलीट केलं, तर मेल त्या न दिसणाऱ्या कप्प्यात जातो. डिलीटेड आयटम्स फोल्डर निवडून वर बघितलं की ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स फ्रॉम सर्व्हर’ असा पर्याय दिसतो. त्यातून उघडणाऱ्या यादीत मेल निवडून परत आणायचा. परत आणलेला मेल इनबॉक्समध्ये दिसला नाही म्हणून घाबरू नका, तो डिलीटेड आयटम्समध्येच येऊन बसलेला असू शकतो.

या कप्प्याची मुदत कंपनीच्या ऑनलाइन अकाउंटला मुळात १४ दिवस असते. ॲडमिननं वाढवली तर ३० पर्यंत जाते. म्हणजे सणाच्या सुट्टीत मेल उडाला आणि परत आल्यावर ‘बघू निवांत’ म्हटलं की संपलं. आउटलुक डॉट कॉमच्या खासगी अकाउंटला ३० दिवस मिळतात.

आउटलुक पॉपनं जोडलेलं असेल तर हा कप्पाच नाही. मग सगळे मेल एका पीएसटी नावाच्या फाइलीत असतात. ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरात सापडते. मेल डिलीट केला की या फाइलीत त्याची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते, पण मजकूर लगेच पुसला जात नाही. कॉम्पॅक्ट केल्यावर ती मोकळी जागा दाबून काढली जाते. ही सफाई आउटलुक रिकामा वेळ मिळाला की स्वतःहूनही करतो, म्हणून ट्रॅशही रिकामा केलेला असेल तर आउटलुक ताबडतोब बंद करा आणि पीएसटी फाइलीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करायचे.

आउटलुकसोबत स्कॅनपीएसटी नावाचं दुरुस्तीचं हत्यार येतं. ते बिघडलेल्या फाइलीसाठी आहे. जुन्या मंडळींची एक युक्ती अशी की प्रतीच्या सुरुवातीचे काही बाइट हेक्स एडिटरनं (फाइलीतले कच्चे आकडे बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं) मुद्दाम बिघडवायचे आणि मग स्कॅनपीएसटी चालवायचं. फाइल पूर्ण उलगडून पुन्हा बांधताना ते कधीकधी डिलीट झालेले मेलही वर आणतं. ही युक्ती जुन्या पद्धतीच्या फाइलींवर जास्त चालते. आउटलुक ९७ ते २००२ च्या त्या फाइलींना दोन जीबीची मर्यादा होती आणि ती ओलांडली की फाइल बिघडायची, त्यामुळे जुन्या सीए ऑफिसांत स्कॅनपीएसटी माहीत नसलेला माणूस विरळा.

आणि हो, जुन्या आउटलुकमध्ये ‘ऑटोअर्काइव्ह’ सुरू असेल तर जुने मेल अर्काइव्ह नावाच्या दुसऱ्या पीएसटीत हलवले जातात. नवा कॉम्प्युटर घेताना एकच पीएसटी आणली गेली, तर जुने मेल ‘उडाले’ असं वाटतं. जुनी डिस्क भंगारात दिली नसेल तर ते तिथे आहेत.

थंडरबर्ड : इथे डोळ्यांनी दिसतं

डिलीट म्हणजे नुसती खूण, हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम नाही. थंडरबर्ड प्रत्येक फोल्डरासाठी एमबॉक्स पद्धतीची एकच लांबलचक फाइल ठेवतो आणि त्यात मेल एकाखाली एक लिहिलेले असतात. ही साधी मजकुराची फाइल आहे. उघडून वाचता येते, दुरुस्तही करता येते.

हेल्प मेनूतल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये जा आणि प्रोफाइल फोल्डर उघडा. आता थंडरबर्ड पूर्ण बंद करा. त्या फोल्डरात ‘मेल’ आणि ‘आयमॅपमेल’ असे दोन फोल्डर असतील. पॉपचे आणि कॉम्प्युटरपुरते ठेवलेले मेल पहिल्यात, आयमॅपच्या प्रती दुसऱ्यात. आत शिरत गेलात की ‘इनबॉक्स’ नावाच्या दोन फाइली दिसतील. एकीला शेपूट नाही, ती खरी फाइल. दुसरीच्या नावापुढे एमएसएफ आहे, ती नुसती अनुक्रमणिका. बिनशेपटाच्या फाइलीची प्रत डेस्कटॉपवर घ्या. मूळ फाइलीला हात लावायचा नाही.

प्रत नोटपॅड प्लस प्लससारख्या एडिटरमध्ये उघडा. वर्डमध्ये मुळीच नको, तो स्वतःची सजावट घालून फाइल नासवतो. आता हवा तो मेल शोधायचा. इथे मराठी माणसाची फसगत होते. विषय ‘भाडेकरार’ असा असेल आणि तुम्ही ‘भाडेकरार’ शोधलंत तर काही सापडणार नाही, कारण देवनागरी विषय मेलमध्ये सांकेतिक रूपात लिहिला जातो. फाइलीत त्या जागी ‘बरोबर’चं चिन्ह आणि प्रश्नचिन्हं यांच्या मध्ये यूटीएफ-८ आणि पुढे इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आतला मराठी मजकूरही बहुधा तसाच. म्हणून पाठवणाऱ्याचा ईमेल पत्ता किंवा तारीख शोधा.

मेल सापडला की त्याच्या सुरुवातीच्या ओळी बघा. ‘फ्रॉम’ आणि आडवी रेघ अशी ओळ, आणि तिच्या जवळपास ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी ओळ, तिच्यापुढे चार आकडे. ०००० म्हणजे न वाचलेला. ०००१ म्हणजे वाचलेला. उत्तर दिलं असेल तर २ मिळवले जातात, चांदणी लावली असेल तर ४. आणि फोल्डरातून काढून टाकल्याची खूण म्हणजे ८. म्हणून वाचून डिलीट केलेल्या मेलपुढे ०००९ असतं. वाचून, उत्तर देऊन डिलीट केलेल्यापुढे बेरीज होते ११, पण इथली मोजणी दहाऐवजी सोळाची असल्यामुळे (१० ला ए, ११ ला बी) तिथे शेवटी इंग्रजी बी हे अक्षर दिसतं. मेलचा मजकूर खाली जसाच्या तसा असतो, अटॅचमेंटसकट.

मग काय, ८ वजा करायचे. ०००९ चं ०००१ करा, ०००८ चं ००००, आणि शेवटी बी असेल तर ०००३. फाइल सेव्ह करा. तिला इंग्रजीत वेगळं नाव द्या, शेपूट न लावता, आणि ‘मेल’ फोल्डरातल्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये टाका. थंडरबर्ड सुरू केलं की डावीकडे त्या नावाचा नवा फोल्डर दिसेल आणि त्यात तुमचा मेल असेल. काही जण मूळ इनबॉक्सच बदलतात आणि एमएसएफ फाइल उडवतात. पॉप अकाउंटला तेही चालतं. पण घाईत बिनशेपटाचीच फाइल उडवली तर सगळा इनबॉक्स जाईल, आणि आयमॅपमध्ये तर सर्व्हरशी जुळवताना तो मेल पुन्हा नाहीसा होऊ शकतो. वेगळा फोल्डर करणं बरं.

खूप मेल उडाले असतील तर एडिटरच्या ‘रिप्लेस ऑल’नं सगळे ०००९ एका झटक्यात ०००१ करता येतात. मग इतके दिवस डिलीट केलेल्या जाहिराती, ओटीपी आणि सोसायटीच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे फोटो हे सगळंच उठून बसेल, त्याला इलाज नाही.

ट्रॅश रिकामा केला असला तरी हे चालतं, कारण ट्रॅशमध्ये गेली ती दुसरी प्रत. इनबॉक्सच्या फाइलीतली मूळ प्रत खूण लावून पडून असते. ती जाते फोल्डर कॉम्पॅक्ट झाल्यावर. थंडरबर्ड कधीकधी ‘कॉम्पॅक्ट करून इतकी जागा वाचवू का?’ असं गोडीत विचारतो, तेव्हा मेल शोधायचा असेल तर ‘नाही’ म्हणा. जनरल सेटिंगमध्ये डिस्कच्या जागेखाली आपोआप कॉम्पॅक्ट करण्याची चौकट असते, तिच्यातली खूण काढून ठेवा.

अख्खी फाइलच गेली असेल तर

विंडोज पुन्हा टाकलं, फॉरमॅट मारलं, आणि त्यात पीएसटी किंवा थंडरबर्डचा प्रोफाइल गेला, हा वेगळा मामला. डिस्कवरून डिलीट झालेल्या फाइली शोधणारी सॉफ्टवेअरं इथे कामाला येतात. एकटा मेल उडाला असताना ती चालवून उपयोग नसतो, कारण तो मेल म्हणजे वेगळी फाइल नसतेच. तो मोठ्या फाइलीच्या पोटात असतो. विंडोज लाइव्ह मेल आणि ॲपल मेल मात्र प्रत्येक मेलची स्वतंत्र फाइल ठेवतात, तिथे एकेक मेल मिळण्याची आशा असते.

आधी फोल्डरावर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीजमध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ बघा. कुणी कधी बॅकअप सुरू केला असेल तर जुनी प्रत तिथे मिळते. मॅकवर टाइम मशीन हा बॅकअप लावलेला असेल तर निम्मी काळजी मिटली.

बॅकअप नसेल, तर डिस्क कोणती यावर नशीब ठरतं. जुनी, फिरणारी हार्ड डिस्क असेल तर नवा मजकूर त्या जागेवर लिहिला जाईपर्यंत जुना शिल्लक असतो. कॉम्प्युटर बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडा आणि तिथून फोटोरेक चालवा. नाव फोटोचं असलं तरी ते पीएसटी फाइली आणि आउटलुक एक्स्प्रेसच्या डीबीएक्स फाइलीही ओळखतं, आणि फुकट आहे. सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर लिहू देऊ नका. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विंडोज फाइल रिकव्हरीही २०२० पासून मिळतं, पण त्यात कमांड टाइप कराव्या लागतात.

एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपांची डिस्क असेल तर चित्र वाईट आहे. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला ‘ही जागा आता नको’ असं कळवतं. याला ट्रिम म्हणतात. एसएसडी मग सवडीनं ती जागा आतून साफ करते, आणि सवड मिळायला फार वेळ लागत नाही. हल्लीचे बहुतेक लॅपटॉप एसएसडीचेच आहेत.

मेल कोर्टकचेरीसाठी हवा असेल तर वरचं आकडे बदलण्याचं काम स्वतः करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलीचं हॅश मूल्यही, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडाही, लिहायचा असतो. फाइलीतला एक आकडा बदलला तरी हॅश बदलतं. डिस्क जशी आहे तशी वकिलांना सांगून तज्ज्ञाकडे द्या.

रिकव्हरीच्या दुकानात जाणार असाल तर डिस्क एसएसडी आहे की हार्ड डिस्क, हे स्वतः सांगा आणि सापडलेल्या फाइलींची यादी पैसे देण्याआधी मागा. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेल्या नंबरवर मात्र फोन लावू नका. मेल परत आणून देतो म्हणून पासवर्ड, ओटीपी किंवा स्क्रीनचा ताबा मागणारा माणूस मेल शोधायला बसलेला नसतो. त्याला काही दिलं असेल तर पासवर्ड लगेच बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.